गाव आणि खाते : एकाहून अधिक रकान्यांनी गट कसे पाडावेत

१. एक साधा प्रश्न

सातबारा आता संगणकावर आला आहे, तर मग माझ्या नावे सबंध तालुक्यात मिळून जमीन किती, हे एका कागदावर का येत नाही? वसई-विरारच्या पट्ट्यात एकाच घराची वाडी निर्मळला, भातजमीन गासला आणि वडिलोपार्जित हिस्सा आगाशीच्या बाजूला असणे मुळीच दुर्मीळ नाही, आणि म्हणून हा प्रश्न तेथे अगदी स्वाभाविक आहे. विचारणाऱ्याला सामान्यतः असे वाटते की अडचण कचेरीची किंवा यंत्राच्या सामर्थ्याची असावी. वस्तुतः ज्या यंत्राला लक्षावधी नोंदींची बेरीज काही क्षणांत करता येते, त्याला एका खातेदाराचे चार-सहा आकडे मिळवणे जड जाण्याचे काहीच कारण नाही. अडचण बेरजेची नाही. कोणते आकडे एकत्र घेऊन बेरीज करावयाची, हे ठरवण्याची आहे, आणि डेटाबेसच्या परिभाषेत जिला ‘ग्रुप बाय’ म्हणतात त्या क्रियेचे सारे मर्म या ठरवण्यातच आहे.

एका रकान्याने गट पाडणे कोणालाही चटकन समजते. दोन किंवा अधिक रकान्यांनी गट पाडताना मात्र असा एक विचार करावा लागतो जो यंत्र आपल्यासाठी कधीही करीत नाही, आणि जो न केल्यास यंत्र अत्यंत नीटनेटक्या कोष्टकात अत्यंत निरर्थक आकडे मांडून देते. तो विचार कोणता, हे सातबाराच्याच उदाहरणाने क्रमाक्रमाने पाहू.

२. सातबारा आणि आठ-अ

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ या कायद्याखाली गावोगावी जे हिशेब ठेवले जातात त्यांना गाव नमुने म्हणतात. त्यांपैकी नमुना सात हा अधिकार अभिलेख आणि नमुना बारा ही पिकांची नोंदवही. दोन्ही एकाच कागदावर मिळतात म्हणून त्या कागदाचे नाव सातबारा. या कागदाच्या माथ्यावर गाव, तालुका, जिल्हा आणि भूमापन क्रमांक व उपविभाग असतो. खाली भोगवटादाराचे नाव, त्याचा खाते क्रमांक, हेक्टर-आर-चौरस मीटरांत क्षेत्र, रुपये-पैशांत आकार, पोटखराब, फेरफार क्रमांक, कुळांची व इतर अधिकारांची नोंद असा मजकूर येतो. म्हणजे सातबारा जमिनीच्या एका तुकड्यापासून आरंभ करतो आणि तो तुकडा कोणाकडे किती आहे ते सांगतो.

त्याच्या शेजारीच ठेवला जाणारा नमुना आठ-अ नेमका उलट बाजूने चालतो. एका खात्यावर त्या गावात जे जे भूमापन क्रमांक असतील ते सारे एकाखाली एक लिहून, त्यांचे क्षेत्र व आकार मिळवून, शेवटी एकूण दिलेले असते. वाचकाने येथे क्षणभर थांबून हे ध्यानात घ्यावे की क्षेत्र, आकार आणि खातेदार यांविषयी आठ-अ मध्ये असे काहीच नाही जे त्या गावच्या सातबारांत विखुरलेले नाही. नवी माहिती एक अक्षराची नाही. असलेल्या नोंदी निराळ्या रीतीने एकत्र आणल्या, एवढेच. आणि तरीही सोसायटीचे पीककर्ज काढताना आठ-अ पुढे ठेवला की एका दृष्टिक्षेपात जे कळते, ते सातबारांच्या चळतीतून कळावयास अर्धा दिवस जावा.

ही रीत संगणकाने शिकवलेली नव्हे. पेशवाईच्या दप्तरांत रोजच्या जमाखर्चाची रोजकीर्द असे, तिच्यातील रकमा बाबवार वा नावनिशीवार वेगळ्या काढण्याला खतावणी म्हणत, आणि विस्तृत हिशेबाचा संक्षेप म्हणजे तेरीज. चिमाजी आप्पांनी १७३९ साली वसई घेण्यापूर्वी सुमारे दोन शतके हा प्रांत पोर्तुगीजांकडे होता, तेव्हाही सिमाँव बोतेल्यु या त्यांच्या महसूल अधिकाऱ्याने १५५४ साली जो मोठा जमाबंदीचा ग्रंथ सिद्ध केला, त्यात वसई प्रांताचे उत्पन्न परगणे आणि गावे यांच्या क्रमाने मांडलेले आहे. राज्ये बदलली, लिपी बदलली, पण किरकोळ नोंदी आधी जशा घडल्या तशा लिहावयाच्या आणि मागाहून त्यांचे गट पाडून गोषवारा काढावयाचा, हा क्रम कोणत्याही राज्याला टाळता आला नाही.

३. सात ओळींचे दप्तर

आता एक लहानसे कोष्टक घेऊ. गावांची नावे खरी आहेत. खाती, भूमापन क्रमांक आणि क्षेत्रे केवळ समजुतीसाठी कल्पिलेली आहेत. प्रत्येक ओळीत गाव, खाते, भूमापन क्रमांक, जमिनीचा प्रकार आणि क्षेत्र असे पाच रकाने आहेत. १०० आर म्हणजे एक हेक्टर.

निर्मळ | ११२ | १४/१ | बागायत | १२ आर
निर्मळ | ११२ | ३१ | भात | २० आर
निर्मळ | २०५ | १४/२ | बागायत | ८ आर
गास | ११२ | ७ | बागायत | १५ आर
गास | ११२ | ५२/३ | भात | २५ आर
गास | ११२ | ६० | बागायत | १० आर
गास | ३४० | ९ | भात | ३० आर

एकंदर क्षेत्र १२० आर. याचे गाववार गट पाडले तर सात ओळींच्या दोन ओळी होतात : निर्मळ ४० आर, गास ८० आर. येथे दोन गोष्टी घडल्या. प्रथम, ज्या ओळींत ‘गाव’ या रकान्यातील मजकूर एकच आहे त्या ओळी एका गटात आल्या. नंतर प्रत्येक गटाची मिळून एकच ओळ राहिली आणि तिच्यात क्षेत्रांची बेरीज लिहिली गेली. बेरजेऐवजी ओळींची संख्या, सर्वांत मोठे क्षेत्र, सर्वांत लहान क्षेत्र किंवा सरासरी यांपैकी काहीही मागता येते. पण गटामागे ओळ एकच मिळते.

४. खाते क्रमांक ११२

हेच आता खातेवार करून पाहू. खाते ११२ चे ८२ आर, २०५ चे ८ आर, ३४० चे ३० आर. बेरीज पुन्हा १२०. हिशेब बिनचूक आहे आणि उत्तर निखालस चुकीचे आहे. कारण खाते क्रमांक हा गावापुरताच असतो. निर्मळच्या दप्तरातील ११२ आणि गासच्या दप्तरातील ११२ यांचा परस्परांशी कसलाही संबंध नाही. एक कदाचित वाडीवाल्याचे खाते असेल, दुसरे भलत्याच कुटुंबाचे सामाईक खाते. दोन परक्या घरांच्या जमिनी एकत्र मोजून काढलेले हे ८२ आर जगात कोणाच्याही मालकीचे नाहीत.

शाळेत हजेरीच्या वेळी ‘पाच नंबर’ अशी हाक दिली तर सातवी अ मधील मुलगा उठतो आणि सातवी ब मधील मुलगी उठते. दोघांचे गुण एकाच पत्रकात मिळवावेत असे कोणत्याही मास्तरांच्या मनात येणार नाही, कारण इयत्ता, तुकडी आणि हजेरी क्रमांक ही तिन्ही मिळून एका विद्यार्थ्याची ओळख होते, हे त्यांना सांगावे लागत नाही. यंत्राला मात्र ते सांगावेच लागते.

सांगण्याची रीत अशी की गट पाडताना एक रकाना न देता दोन द्यावयाचे : गाव आणि खाते. आता दोन ओळी एका गटात केव्हा येतील? त्यांचे गावही एक असेल आणि खातेही एक असेल तेव्हाच. नुसते गाव जुळून भागत नाही, नुसते खाते जुळून भागत नाही. जोडी जशीच्या तशी जुळली पाहिजे. उत्तर चार ओळींचे येते :

निर्मळ | ११२ | ३२ आर
निर्मळ | २०५ | ८ आर
गास | ११२ | ५० आर
गास | ३४० | ३० आर

नवख्या माणसाची येथे एक ठराविक समजूत होते, की यंत्र आधी गावाचे गट पाडते, मग खात्याचे, आणि दोन निरनिराळी उत्तरे एकाखाली एक देते. तसे होत नाही. दोन रकाने मिळून ओळखीची एकच खूण तयार होते, आणि उत्तरातील प्रत्येक ओळ त्या एका खुणेची असते. म्हणूनच ‘गाव, खाते’ असे लिहिले काय आणि ‘खाते, गाव’ असे लिहिले काय, हे चारच गट तयार होतात. त्यांच्यातील बेरजा तसूभरही बदलत नाहीत. तिसरा रकाना, जमिनीचा प्रकार, वाढवला तर निर्मळ-११२ चे बागायत १२ आणि भात २०, गास-११२ चे बागायत २५ आणि भात २५ असे विभाजन होऊन एकंदर सहा ओळी होतील. रकाना वाढला की गट अधिक बारीक होतो, किंवा तेवढाच राहतो. मोठा कधीही होत नाही.

दोन गावे, तीन खाते क्रमांक आणि दोन प्रकार यांच्या जुळण्या करू म्हटले तर बारा होतात, आणि आपल्याला मिळाल्या सहा. ज्या जुळणीची एकही ओळ मूळ दप्तरात नाही तिचा गटच तयार होत नाही. निर्मळ-३४० साठी ‘शून्य’ असे कोणी लिहून देत नाही. कोणत्या गावात अमुक एका योजनेचा एकही अर्ज आला नाही, असे विचारणाऱ्या अधिकाऱ्याला हे विशेष ध्यानी ठेवावे लागते, कारण अशी गावे गोषवाऱ्यातून निमूटपणे गळालेली असतात. ती दिसावयास हवी असतील तर सर्व गावांची संपूर्ण यादी निराळी घेऊन, तिच्याशी गोषवारा जोडावा लागतो.

५. आज्ञा लिहिण्याची रीत

१९७० साली आयबीएम कंपनीतील एडगर कॉड यांनी माहिती ओळी-रकान्यांच्या कोष्टकांत मांडून तिच्यावर तर्कशुद्ध क्रिया करण्याचा सिद्धान्त प्रसिद्ध केला; १९७४ साली त्याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी त्या सिद्धान्ताला अनुसरून, सामान्य माणसालाही वाचता येईल अशी एक पृच्छाभाषा सुचवली, आणि तीच पुढे एसक्यूएल या नावाने १९८६ साली प्रमाणित झाली. तिच्यातील आपली पृच्छा, मूळची इंग्रजी आज्ञापदे नागरीत लिहिली तर, अशी दिसेल :

सिलेक्ट गाव, खाते, सम(क्षेत्र)
फ्रॉम सातबारा
ग्रुप बाय गाव, खाते

पहिल्या ओळीत काय हवे ते, दुसऱ्या ओळीत कोठून हवे ते, तिसरीत कोणत्या खुणेने गट पाडावयाचे ते. या रचनेतून एक नियम आपोआप निघतो, आणि तो पाठ करण्यापेक्षा समजून घेतलेला बरा : जे रकाने मागावयाचे ते एक तर गटाच्या खुणेत असले पाहिजेत, नाही तर बेरीज, संख्या, कमाल, किमान, सरासरी अशा कोणत्या तरी क्रियेत गुंफलेले असले पाहिजेत. समजा, कोणी वरच्या पृच्छेत भूमापन क्रमांकही मागितला. गास-११२ या गटात ७, ५२/३ आणि ६० असे तीन भूमापन क्रमांक आहेत, आणि उत्तरात ओळ तर एकच आहे. यंत्राने तिघांपैकी कोणता लिहावा? बहुतेक डेटाबेस अशा वेळी पृच्छा नाकारतात, आणि ते योग्यच आहे. मायएसक्यूएल हा बहुप्रचलित डेटाबेस पूर्वी मात्र तिघांपैकी हाती लागेल तो क्रमांक मुकाट लिहून देत असे. २०१५ साली आलेल्या ५.७ या आवृत्तीपासून त्यानेही नकार देणे हा आपला मूळ स्वभाव केला. माझ्या मते हा बदल फार मोलाचा आहे, कारण खोट्या उत्तरापेक्षा स्पष्ट नकार हा कोणत्याही दप्तराला अधिक शोभतो. तिन्ही क्रमांक हवेच असतील तर ते स्वल्पविराम देऊन एका ओळीत गुंफून देणाऱ्या क्रियाही उपलब्ध आहेत.

गाळणीच्या दोन जागांविषयीही येथेच सांगितले पाहिजे. ‘४० आरांहून अधिक असेल तेवढेच दाखवा’ ही अट ‘व्हेअर’ या आज्ञेने घातली तर ती गट पडण्याआधी, मूळच्या एकेका ओळीला लागते. आपल्या सात ओळींपैकी एकही ४० आरांची नाही, म्हणून उत्तर रिकामे येईल. तीच अट ‘हॅविंग’ने घातली तर ती गट पडून बेरीज झाल्यानंतर लागते, आणि गास-११२ ची ५० आरांची ओळ मिळते. तुकडा मोठा असणे आणि खाते मोठे असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कमाल जमीनधारणेसारख्या प्रश्नात तर हा भेद सर्वस्वी निर्णायक ठरतो.

६. हाताने गट पाडणारे कारकून

यंत्र हे गट कसे पाडते, याची उत्सुकता असणाऱ्यांनी जुन्या जनगणनेचे काम डोळ्यांपुढे आणावे. प्रत्येक माणसामागे एक चिठ्ठी असे, आणि कारकून तिच्यावरील मजकूर पाहून ती ठराविक खणात टाकीत. शेवटी खणाखणांतील चिठ्ठ्या मोजून कोष्टके भरली जात. लिंग आणि धर्म अशी दुहेरी वर्गवारी हवी असेल तर जेवढ्या जोड्या तेवढे खण. अमेरिकेत हर्मन हॉलरिथ यांनी १८९० च्या जनगणनेसाठी पत्रकाला पाडलेली छिद्रे विजेने वाचणारे यंत्र बांधले, त्यातही दोन-तीन छिद्रांची विशिष्ट जुळणी एकदम आढळली तरच एक मोजणारा काटा पुढे सरकेल अशी योजना करता येत असे.

आजचा डेटाबेस दोहोंपैकी एक मार्ग घेतो. एक तर सर्व ओळी गाव-खाते या जोडीच्या अनुक्रमाने लावून घेतो, म्हणजे सारख्या जोड्या आपोआप शेजारी येतात आणि जोडी बदलली की बेरीज बंद करून नवी सुरू करता येते; किंवा जोडीवरून गणिताने खणाचा क्रमांक काढतो आणि ओळ वाचताक्षणी त्या खणातील बेरजेत मिळवून टाकतो. दुसऱ्या रीतीत उत्तराच्या ओळी कोणत्याही क्रमाने बाहेर येऊ शकतात. म्हणून क्रम हवा असेल तर तो ‘ऑर्डर बाय’ लिहून निराळा मागावा.

७. आत असणारे रकाने आणि आडवे असणारे रकाने

आता या प्रकरणाच्या गाभ्याशी येऊ. गाव आणि खाते ही एक जोडी आपण पाहिली. गाव आणि जमिनीचा प्रकार ही दुसरी जोडी घेऊ. तिचे उत्तर : निर्मळ बागायत २०, निर्मळ भात २०, गास बागायत २५, गास भात ५५. दोन्ही पृच्छांचे रूप अगदी सारखे आहे. तथापि त्यांच्या आतले नाते पूर्णपणे भिन्न आहे. खाते हे गावाच्या आत असते. गाव काढून टाकले की खाते क्रमांकाला अर्थच राहत नाही. बागायत मात्र कोणत्याही गावाच्या आत नाही. निर्मळची बागायत आणि गासची बागायत ही एकाच जातीची वस्तू आहे, आणि दोन्ही गावांची मिळून बागायत ४५ आर व भात ७५ आर, हे म्हणण्याला पूर्ण अर्थ आहे.

हा भेद यंत्राला ठाऊक नसतो. त्याला दोन्ही ठिकाणी दोन रकाने दिसतात, एवढेच. आणि उपबेरजा मागावयास निघाले की या भेदाची किंमत कळते. १९९६ साली जिम ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच पृच्छेत सर्व पातळ्यांच्या बेरजा देणारी क्रिया मांडली, आणि १९९९ च्या एसक्यूएल प्रमाणात ‘रोलअप’ आणि ‘क्यूब’ या नावांनी अशा दोन क्रिया आल्या. रोलअपला ‘गाव, खाते’ दिले तर तो चार जोड्या, नंतर दोन गावांच्या उपबेरजा, आणि शेवटी १२० ही सर्वसाधारण बेरीज अशा सात ओळी देतो. येथे रकान्यांच्या क्रमाला एकदम महत्त्व येते, कारण उपबेरजा उजवीकडचा रकाना प्रथम गाळून केल्या जातात. ‘खाते, गाव’ असे उलट लिहिले तर गावाच्या उपबेरजा नाहीशा होऊन खात्याच्या उपबेरजा येतील. क्यूब दोन्ही बाजूंनी सर्व शक्य उपबेरजा देतो. ‘गाव, प्रकार’ या जोडीला तो चार जोड्या, दोन गावे, दोन प्रकार आणि एक सर्वसाधारण अशा नऊ ओळी देईल, आणि त्या नऊही उपयुक्त असतील. पण तोच क्यूब ‘गाव, खाते’ या जोडीला लावला की दहा ओळी येतात आणि त्यांत ‘खाते ११२ : ८२ आर’ ही ओळ, जी आपण चौथ्या भागात निकालात काढली होती, पुन्हा सन्मानाने येऊन बसते.

तेव्हा आत असणाऱ्या रकान्यांना बाहेरून आत या क्रमाने लावलेला रोलअप, आणि एकमेकांना आडव्या जाणाऱ्या रकान्यांना क्यूब. जिल्हा, तालुका, गाव, खाते ही एक साखळी. जमिनीचा प्रकार, पीक, हंगाम हे त्या साखळीला आडवे जाणारे. पृच्छा लिहिण्यापूर्वी प्रत्येक रकान्याविषयी हा एक प्रश्न स्वतःला विचारला नाही, तर पुढची सारी तांत्रिक हुशारी वाया जाते, असे माझे ठाम मत आहे.

सरासरीचा एक धोका याच अनुषंगाने सांगतो. गटांच्या बेरजांची बेरीज एकंदर बेरजेइतकीच होते, पण गटांच्या सरासऱ्यांची सरासरी एकंदर सरासरीइतकी होईलच असे नाही. निर्मळच्या तीन तुकड्यांची सरासरी १३.३३ आर, गासच्या चार तुकड्यांची २० आर. या दोहोंची सरासरी १६.६७ येते, आणि सातही तुकड्यांची खरी सरासरी १७.१४ आहे. म्हणून वरच्या पातळीची सरासरी नेहमी मूळ ओळींवरून काढावी, खालच्या गोषवाऱ्यावरून नव्हे.

८. तालुकाभरच्या जमिनीचा प्रश्न

आता आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. माणसाची सबंध तालुक्यातील जमीन काढावयाची तर त्या माणसाला सर्व गावांत एकच असलेली खूण देणारा रकाना हवा. खाते क्रमांक ती खूण नव्हे, हे आपण पाहिले. आणि एका गावातही एकाच माणसाचे एक वैयक्तिक व एक सामाईक अशी दोन खाती असू शकतात. मग नाव घ्यावे काय? एका सातबारावर संपूर्ण नाव, दुसऱ्यावर वडिलांचे नाव गाळलेले, तिसऱ्यावर आडनाव निराळ्या ऱ्हस्व-दीर्घाने लिहिलेले. यंत्र अक्षरे पाहते, माणूस पाहत नाही, म्हणून एकाच माणसाचे तीन गट होतील. उलट, एकाच नावाची दोन माणसे असतील तर दोघांचा एक गट होईल. या कामास योग्य रकाना निर्माण करण्याचा प्रयत्न अलीकडे महाराष्ट्रात ॲग्रिस्टॅक योजनेखाली चालू आहे : शेतकऱ्याला एक ओळख क्रमांक द्यावयाचा आणि निरनिराळ्या गावांतील त्याच्या जमिनी त्या क्रमांकाशी जोडावयाच्या. तो जोड सर्वत्र आणि यथार्थ झाला की ‘ग्रुप बाय शेतकरी क्रमांक’ एवढ्या आज्ञेने उत्तर मिळेल.

नावांची हीच अडचण गावांनाही आहे. नालासोपारा, नाला सोपारा, नालेसोपारा, नालासोपारे अशा चार रीतींनी लिहिलेल्या नोंदींचे यंत्र चार गट करील, आणि शेवटी चुकून एक रिकामी जागा टंकली गेली तर पाचवा. शिवाय ‘वसई’ म्हणजे नेमके काय, तालुका, जुने वसई गाव की वसई रोड स्थानकाभोवतीचा परिसर, जो महापालिका होण्यापूर्वी नवघर-माणिकपूर नगरपरिषदेत होता? यावर उपाय, गट नावाने न पाडता संकेतांकाने पाडणे. केंद्र सरकारच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक गावाला असा स्वतंत्र संकेतांक आहे. आणि जेथे गावाचा रकाना कोराच राहिला असेल, त्या सर्व कोऱ्या ओळींचा यंत्र मिळून एकच गट करते, मग त्या प्रत्यक्षात दहा निरनिराळ्या गावांच्या का असेनात. तो गट आधी उघडून पाहावा.

काळाचा रकाना सर्वांत फसवा. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व आसपासची गावे मिळून ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्हा विभागून पालघर जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेत म्हणून वसई तालुका ठाण्यात आहे. ‘वर्ष, जिल्हा’ असे गट पाडणाऱ्याला २०११ साली ठाण्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ दिसेल आणि पालघरची ओळच दिसणार नाही. पुढच्या वर्षांच्या आकड्यांशी ती ताडून ठाण्यातून लक्षावधी माणसे कोठे गेली, असा प्रश्न त्याला पडेल. तीच २०११ ची मोजणी आजच्या सीमांनी वाटली तर ठाणे ८०,७०,०३२ आणि पालघर २९,९०,११६ होते, आणि या दोहोंची बेरीज जुन्या आकड्याशी तंतोतंत जुळते.

पालघरचा हा एक आकडाही एकाच रकान्यावर समाधान मानणाऱ्याला फसवतो. त्यातील सुमारे तेरा लाख त्रेचाळीस हजार माणसे एकट्या वसई तालुक्यातील; उरलेली पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि वाडा या सात तालुक्यांत वाटलेली. विरारच्या लोकलमध्ये उभे राहून मुंबईस जाणारा चाकरमान्या आणि मोखाड्याच्या पाड्यावरून पाण्यासाठी उतरणारी बाई यांची साक्षरता, उत्पन्न किंवा दवाखान्याचे अंतर यांची जिल्हावार सरासरी काढली, तर ती दोघांपैकी कोणाचीच होत नाही. पालघरविषयीच्या कोणत्याही गोषवाऱ्यात जिल्ह्यासोबत तालुक्याचा रकाना असल्याखेरीज तो गोषवारा कामाचा नाही, असे मला वाटते.

म्हणून अशा दप्तरात जिल्ह्याचे दोन रकाने ठेवावेत, एक नोंद झाली त्या दिवशीचा जिल्हा आणि एक आजचा जिल्हा. सात-आठ दशकांची वाढ पाहावयाची असेल तेव्हा आजच्या जिल्ह्याने व तालुक्याने गट पाडावेत. जुन्या छापील अहवालाशी आकडे पडताळावयाचे असतील तेव्हा नोंदीच्या दिवशीच्या जिल्ह्याने. आणि दोहोंपैकी कोणता रकाना घेतला, हे कोष्टकाच्या शीर्षकातच लिहून ठेवावे.